आठ पावलांची खोली

१

दीपमालाचं काम कुणाला एका दमात कळलं, असं कधी झालं नाही. शेजारच्या बाया विचारायच्या, "काय करून राह्यली वं दिवसभर त्या कम्प्युटरवर?" आणि ती हसून म्हणायची, "जिने काढते." म्हणजे खरंच जिने. यवतमाळला आर्णी रोडच्या एका कॉलनीत, घराच्या मागच्या खोलीत बसून ती नागपूर-पुण्याच्या बिल्डरांसाठी जिने, छपरं, कठडे यांची थ्रीडी मॉडेलं करायची. सकाळी चहा, मग बाबांच्या गोळ्या, मग लॅपटॉप. सात वर्षं हाच नेम होता.

बाबांना मात्र तिचं काम पहिल्याच दिवशी कळलं होतं. पंजाबराव जन्मभर मोजणीदार. महागाव तालुक्यातलं शेत न् शेत त्यांच्या पायाखालून गेलेलं. तिनं पडद्यावरची चौकटींची जाळी दाखवली तसे ते म्हणाले, "हे तं आमचं मोजणीचं टेबल. आधी टेबल लेव्हलमंदी आनायचं, मंग रेघ मारायची. दुसरं काय?"

दुसरं काहीच नाही. त्या जाळीला प्लेन म्हणतात. तुम्ही जे काढाल ते तिच्यावर पडतं. एरवी ती जमिनीवर असते. पण उतरत्या छपरावर खिडकी काढायची झाली, तर छपरावर तीन ठिपके द्यायचे. जाळी उठते, छपरावर जाऊन बसते, आणि तेवढ्यापुरतं छप्पर हीच तुमची जमीन होते. अशा प्लेनला नाव देऊन ठेवायचं, म्हणजे पुन्हा लागलं तर यादीत सापडतं. आणि काम झालं की जाळी परत जमिनीवर आणायची. हे एक विसरलात की मेलात. कारण चूक दिसत नाही हो! तुम्ही ज्या बाजूनं बघत असता तिथून रेघ अगदी जागच्या जागी दिसते. मॉडेल फिरवलं की कळतं, ती भलतीकडेच हवेत तिरपी पडली आहे. या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी या चुकीपायी रात्र जागवलेली असते.

त्या फेब्रुवारीत दीपमालाच्या जिवाला वेगळाच घोर होता. बाबा तीन महिन्यांत दोनदा पडले होते. दुसऱ्या वेळी खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. पुण्याहून धाकट्या भावाचा, राजदीपचा, फोन आला. "ताई, आता तिसऱ्यांदा पडले ना, तर मी तुझं ऐकणार नाही. इथं चांगलं सेंटर आहे. चोवीस तास नर्स असते. तू एकटी किती बघशील?"

फोन स्पीकरवर होता. बाबा ऐकत होते.

"मले त्या सेंटरात नको धाडू, दीपा," नंतर ते म्हणाले. "थितून मानूस फोटो होऊनच वापस येते." ते हसले, पण चादरीचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

म्हणून तिनं ठरवलं, बाबांच्या खोलीत पकडायला दांडी लावायची. पलंगापासून लांबीकडच्या भिंतीच्या कडेनं मागच्या भिंतीपर्यंत; तिथून डावीकडे वळलं की बाथरूम. जुन्या कॉलनीतलं घर, एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ. तिनं लेझर मीटरनं मापं घेतली, खोलीचं मॉडेल केलं, चारही भिंतींवर तीन-तीन ठिपके देऊन चार प्लेनं बसवली, त्यांना नावं दिली.

यादी उघडली तर पाच होती.

पाचव्याला नाव नव्हतं, नुसती कोरी ओळ होती. तिनं त्यावर क्लिक केलं. जाळी हलली आणि खोलीत तिरपी उभी राहिली. ती कुठल्या भिंतीवर नव्हती, जमिनीवरही नव्हती. पलंगापाशी फरशीला टेकलेली आणि मागच्या भिंतीकडे पाच अंशांनी चढत गेलेली.

"कुठंतरी चुकून क्लिक झालं असेल," ती स्वतःशी म्हणाली. तिनं ती ओळ पुसली, दांडी काढली, आणि नकाशा वेल्डरला पाठवून दिला.

२

प्रफुल्ल वेल्डर चार दिवसांनी दांडी घेऊन आला तो तोंड वाकडं करूनच.

"ताई, नकाशात होतं तसंच केलं बरं का. मंग मले बोलू नका. पन हे असं काहून काढलं तुम्ही?"

दीपमालानं बघितलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दांडीचा एकेक ब्रॅकेट वेगळ्या मापाचा, भिंतीला टेकायच्या प्लेटा सगळ्या तिरप्या. ती धावत जाऊन लॅपटॉप उघडून बसली. मॉडेल फिरवलं. आणि काय? दांडी त्या कोऱ्या ओळीच्या प्लेनवर पडलेली. म्हणजे प्लेन पुसलं, पण जाळी परत जमिनीवर आणायची राहिली! सात वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई, आणि स्वतःच्या बापाच्या दांडीत ही चूक.

"प्रफुल्लभाऊ, माझंच चुकलं. परत करून द्या."

"देतो नं. पाहा, हे बसूच शकत नाही," असं म्हणत त्यानं नुसतं दाखवायला म्हणून दांडी भिंतीला लावली.

सगळ्या प्लेटा भिंतीला चिकटून बसल्या, कागद घालायला फट राहिली नाही. पलंगापाशी दांडी कमरेला, मागच्या भिंतीपाशी छातीला. डोळ्यांना ती सरळसरळ चढलेली दिसत होती. प्रफुल्लनं खिशातून लेव्हल काढून तिच्यावर ठेवली. नळीतला बुडबुडा डुलला आणि बरोबर मधोमध येऊन थांबला.

"अरे बाप्पा," प्रफुल्ल म्हणाला. त्यानं लेव्हलला टिचकी मारली. हसला. बाहेर हॉलमध्ये जाऊन खिडकीच्या कठड्यावर ठेवून पाहिली; लेव्हल चांगली होती. परत आत आणली. बुडबुडा मधोमध. मग मात्र तो हसला नाही.

"लावून टाक रे," पलंगावरून बाबा म्हणाले. "मले चांगली वाटून राह्यली."

त्यानं भिंतीला भोकं पाडली, स्क्रू आवळले, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. बाबा उठले. उजव्या हातानं दांडी धरली आणि चालायला लागले. मागच्या भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. ना थांबले, ना धापा टाकल्या. दीपमाला दारात उभी राहून रडत होती आणि हसत होती.

"आठ पावलं," बाबा म्हणाले. मोजल्याशिवाय त्यांना चालताच येत नसे.

३

आठवडाभर ती जमिनीपासून चार बोटं वर होती. राजदीपला तिनं व्हिडिओ पाठवला. त्यानं लगेच फोन केला. "ताई, बाबा चालतायत हे झकास. पण तू मोबाईल वाकडा का धरला होतास?"

"वाकडा कुठं?"

"बाबा तिरपे दिसतायत."

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. दाराची चौकट सरळ होती. पलंगाचे पाय सरळ होते. फक्त बाबा तिरपे होते. डोकं मागं, पलंगाच्या बाजूला झुकलेलं. टाचा मात्र फरशीला पक्क्या टेकलेल्या. असा झुकलेला माणूस दोन क्षणांत पाठीवर पडेल. बाबा मजेत उभे होते.

आणि खोलीच्या बाहेर? हॉलमध्ये आणलं की बाबांचे पाय लटपटायचे. तिसऱ्या पावलाला ते तिच्या अंगावर कलंडायचे. "ही फरशी कोनं अशी उताराची बसवली?" म्हणायचे. हॉलची फरशी लेव्हलमध्ये होती. तिनं स्वतः तपासली होती.

एका दुपारी बाबा झोपले असताना तिनं त्यांच्या जुन्या पेटीतून ओळंबा काढला. दोरी हातात धरून ती उंबऱ्यावर उभी राहिली. हॉलच्या बाजूला पितळी वजन शांत, सरळ लोंबत होतं. मग तिनं तोच हात उंबऱ्यापलीकडे, खोलीत नेला.

दोरी कलली, मागच्या भिंतीकडे. डुलली नाही, झोका घेतला नाही, नुसती कलून स्थिर राहिली.

वारा असेल, तिनं मनाला सांगितलं. पंखा बंद होता. आपला हात तिरपा झाला असेल. हात तिरपा झाल्यानं दोरी तिरपी होते का कधी? मग आपल्याच कानात काही बिघडलं असेल. डॉक्टर म्हणतात नं, तोल कानात असतो. हे तिला पटलं, म्हणजे तिनं पटवून घेतलं. कारण दुसरं काही खरं मानायचं, तर दांडी काढावी लागली असती. दांडी काढली की बाबा पडणार, आणि पडले की पुणं. एवढं साधं गणित होतं. तिनं ओळंबा पेटीत ठेवून दिला.

"कायले मोजून राह्यली वं?" बाबांचे डोळे उघडे होते. "टेबल आता लेव्हलमंदी आलं. आता हात नको लावू."

४

दोन दिवसांनी तिला आत सारखी पावलं ऐकू येऊ लागली. बाबांच्या चपलेचा फरशीवर घासटल्यासारखा आवाज तिच्या ओळखीचा होता. सट्, सट्, सट्. आठ झाले की थांबायला हवा. काम करता करता ती नकळत मोजू लागली. नऊ. दहा. अकरा. आवाज बारीक होत गेला, जसा एखादा माणूस गल्लीच्या टोकाकडे जाताना होतो. मग काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं पुन्हा बारीक आवाज, जवळ जवळ येणारा.

ती उठून गेली तेव्हा बाबा पलंगावर बसून घाम पुसत होते. चपलांना माती लागली होती. लालसर, ओली माती. मागच्या भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट होता, त्यात काळी माती आणि बाभळी. आणि बाबा काही भिंतीतून गेले नव्हते, उघड आहे.

"बाबा, किती चालले आज?"

"सकाळी बारा पावलं. आता वीस."

"खोली तर आठ पावलांची आहे."

बाबांनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुह्यी खोली आठ पावलांची हाय."

मागच्या खोलीत येऊन तिनं मॉडेल उघडलं. यादीत पुन्हा पाच ओळी होत्या, पाचवी कोरी. तिनं दांडीवर क्लिक केलं. बारा फुटांची दांडी काढली होती तिनं, तिच्या हातानं बारा टाईप केलं होतं. पडद्यावर आकडा आला, तीस.

दांडी मागच्या भिंतीतून आरपार गेली होती. घराबाहेर, जिथं तिनं काहीच काढलं नव्हतं त्या रिकाम्या करड्या जागेत, ती पाच अंशांनी चढत गेली होती. संध्याकाळी तिनं पुन्हा मोजली तेव्हा छत्तीस झाली होती.

५

दांडी काढून टाकायचीच. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं. मी कामं सोडीन, दोन्ही हातांनी धरून नेईन बाबांना, चोवीस तास उशाशी बसेन, पण ही दांडी नको. प्रफुल्लला फोन केला.

"ताई, मी नाही येत. दुसरा मानूस पाहा."

"काहून पण?"

"भोकं पाडली नं तवा," तो म्हणाला, "पलीकडून कोनीतरी ड्रिलचा पाता धरून पाह्यला. सोडला मंग. ठेवतो फोन."

मग तिनंच पाना काढला. वेळ दुपारची दोनची. बाबा जेवून पलंगावर आडवे झाले होते, तोंडावर टॉवेल घेऊन. तिनं दारातून पाहिलं. एवढ्यात आवाज करायला नको, अर्ध्या तासानं उठवू आणि हॉलमध्ये बसवू. तोवर मॉडेल साफ करून टाकू. या कामातल्या माणसाची ही खोडच असते: आधी नकाशात दुरुस्ती, मग जागेवर हात लावायचा. नकाशात राहिलेली चूक कधी ना कधी पुन्हा बांधली जाते, असं तीच या धंद्यात नव्यानं आलेल्या पोरींना शिकवायची.

तिनं दांडी निवडली. लांबी सत्तावन्न फूट. डिलीट दाबलं.

"दीपा!"

आवाज बाबांचा होता. पण तो खोलीतून आला नव्हता.

ती लॅपटॉप घेऊनच धावली. पलंगावर उशी होती, उशीवर टॉवेल होता, आणि बाबा नव्हते. बाथरूमचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. भिंतीवरची दांडी जागच्या जागी होती, मागच्या भिंतीला टेकून संपलेली.

"दीपा, हातातलं कायले काढलं वं?" भिंतीमागून, लांबून, वरच्या अंगानं आवाज आला. "काहीच सापडून नाही राह्यलं हाताले. मी पडीन नं!"

म्हातारा बाप घाबरल्यावर लेकराच्या आवाजात बोलतो. तिनं अनडू दाबलं. दांडी आली, पण बाराच फूट. तिनं जेवढी काढली होती तेवढीच. बाकीची तिची नव्हतीच, मग परत कुठून येणार!

"बाबा, हलू नका! जागचे हलू नका! कितव्या पावलावर आहे तुम्ही?"

"अडतीस." मोजणी त्यांनी त्याही वेळी सोडली नव्हती. "लवकर कर, पोरी. अंधार नाही, पन खाली काहीच नाही."

दीपमाला फरशीवर बसली. मांडीवर लॅपटॉप. तिनं मुद्दाम, डोळे उघडे ठेवून, ती कोरी ओळ निवडली. जाळी तिरपी झाली. दांडीच्या टोकापासून तिनं रेघ ओढली, साठ टाईप केलं, एंटर दाबलं.

काही वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"सापडली," बाबा म्हणाले.

आणि पावलं सुरू झाली. सट्, सट्, सट्. ती मोजत होती. अडतीसची तीस झाली, तीसची वीस. भिंतीवरची दांडी बारीक थरथरू लागली, जशी कुणी धरून चालताना थरथरते. बारा. अकरा. दहा. मग दांडी जिथं भिंतीला टेकली होती तिथं, पांढऱ्या चुन्यावर, चार बोटं दिसली. बाबांचीच, शाईचा जुना डाग असलेली. भिंत फुटली नव्हती, तडा नव्हता; भिंत होती तिथंच होती आणि बोटं अलीकडे होती. मग सगळा तळहात आला, मग मनगट.

हात थांबला. दांडी थरथरायची थांबली नाही.

थरथर वाढतच होती. स्क्रूभोवतीचा चुना भुरभुर खाली पडत होता. एका म्हाताऱ्याच्या चालण्यानं एवढं होत नाही.

"बाबा?" ती कुजबुजली. "मागं कोण आहे?"

"लोकं हायेत," बाबा सहज म्हणाले. "बरेच दिवसाचे थांबून होते बिचारे. धराले काहीच नव्हतं त्याहीले."

दांडी पडद्यावर निवडलेलीच होती. डिलीट तिच्या अंगठ्याखाली होतं. एक दाब, आणि जे काही त्या साठ फुटांवर रांगेनं येत होतं त्याच्या हातून सगळं सुटणार होतं. बाबांच्याही हातून. तिला हे सगळं अगदी स्वच्छ कळत होतं. कळूनही तिनं लॅपटॉप बाजूला सारला, गुडघ्यांवर सरकत भिंतीपर्यंत गेली आणि बापाचा हात दोन्ही हातांनी धरला. हात ऊबदार होता. तिनं ओढला.

हात तिच्याकडे आला नाही. त्यानं तिचं मनगट पकडलं, घट्ट, जुन्या ताकदीनं, आणि सावकाश, मायेनं तिला वर उचलायला लागला.

"ऊठ, दीपा," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता जराही भीती नव्हती. "अशी पडली कवाची तू? मले दिसलंच नाही वं. माह्यी पोरगी एवढे वर्षं पडूनच होती."

"बाबा, मी बसलेली आहे. मी बरी आहे, बाबा."

"हाव, हाव. धर. ऊठ."

तिचे गुडघे फरशीवरून सुटले. त्याच क्षणी खोली तिच्याभोवती कलली, आणि पलंग, दार, हॉल, हॉलपलीकडचा उन्हातला रस्ता, सगळं तिला एका लांबच लांब उतारावर ठेवल्यासारखं दिसलं. पाय घसरायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा तिला खरंच वाटलं की आपण पडणार. तिनं मोकळा हात पुढं केला आणि दांडी धरली.